२७५ म्हणजे किती घोडे? जुन्या ट्रॅक्टरचे आकडे वाचताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी सहा लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरमागे ४२ हजार वाचले. त्याचा एक परिणाम मात्र पेपरात आला नाही. ज्यांना नवा झेपतो ते नवा घ्यायला निघाले, त्यांचे जुने विकायला निघाले, आणि ज्यांना नवा झेपत नाही ते हे जुने बघत गावोगाव फिरू लागले.

माझा चुलतभाऊ त्यातलाच. मुंबईची नोकरी सोडून देवगडजवळ घरी परतलाय, पडीक पडलेली भातशेती परत उभी करायची म्हणतोय. त्याला एका मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपट्यात, जुना लाल महिंद्रा बी-२७५ सापडला. विकणाऱ्यानं एका दमात सांगितलं: पस्तीस एचपी, आठ पुढचे गिअर, दोन मागचे, डिफरन्शियल लॉक, डिस्क ब्रेक, पीटीओ चालू, इंजिन बोलतं. भाऊ मान डोलवत राहिला. सोबत काकी होती. तिनं बोनेटवरचा आकडा वाचला, ट्रॅक्टर सुरू करायला जमलेली चार माणसं पाहिली आणि विचारलं, “दोनशे पंच्याहत्तर घोडे आसत, तर धक्को कित्याक मारूक लागता?”

प्रश्न चेष्टेचा होता, पण तो धरूनच पुढं गेलं की या यादीतलं बहुतेक सगळं समजतं.

२७५ हे घोडे नव्हेत

बी-२७५ हे फक्त मॉडेलचं नाव आहे. मूळ ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या इंग्लंडमधल्या डॉन्कास्टरच्या कारखान्यात १९५८ मध्ये निघाला. १९६३ मध्ये महिंद्रानं या कंपनीशी आणि व्होल्टासशी भागीदारी करून भारतात ट्रॅक्टर बनवायचं ठरवलं, आणि तो कांदिवलीत बनू लागला. आज जिथं उंच इमारती आणि लोकलची गर्दी दिसते त्या कांदिवलीत. म्हणजे हा ट्रॅक्टर तसा उत्तर कोकणातलाच म्हणायला हरकत नाही. पुढं १९७७ मध्ये ही भागीदारीतली कंपनी महिंद्रात विलीन झाली. जुनी माणसं अजून त्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणतात ते यामुळं.

इंजिनाचं नाव मात्र काहीतरी सांगतं: बीडी-१४४. यातला ‘डी’ डिझेलचा आणि १४४ म्हणजे चारही सिलिंडरची मिळून पोकळी, घनइंचांत. आपल्या मापात सुमारे २.३५ लिटर. या पोकळीत हवा भरायची, दाबायची, जाळायची. इंजिन केवढं आहे हे कळायला हाच आकडा उपयोगाचा.

आणि घोडे? पस्तीस.

घोडा म्हणजे नक्की किती?

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की एक हॉर्सपॉवर. विहिरीवर पंधरा-पंधरा किलोच्या पाच कळशा एका सेकंदात हातभर नव्हे, चांगल्या मीटरभर वर आल्या असं समजा. या व्याख्येत ‘सेकंदात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हॉर्सपॉवर ही नुसती ताकद नाही, ताकद गुणिले वेग आहे.

म्हणूनच हा आकडा फसवतो. शहरात धावणाऱ्या एक लिटरच्या छोट्या पेट्रोल गाडीला ६५ च्या आसपास हॉर्सपॉवर असते, या ट्रॅक्टरच्या जवळजवळ दुप्पट. पण ती गाडी ते घोडे मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्या मारून गोळा करते. ट्रॅक्टर आपले पस्तीस घोडे दोन हजारांच्या आत फेऱ्या मारून देतो. प्रत्येक फेरीमागची पिळाची ताकद, जिला टॉर्क म्हणतात, ती काढली तर गाडीची साडेआठ-नऊ किलोग्रॅम-मीटर भरते आणि ट्रॅक्टरची तेराच्या वर. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला तेरा किलो वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा.

तेरा किलो काहीच नाही असं वाटेल. इथं गिअर येतात. चढावर सायकलचा हलका गिअर टाकतो तेव्हा पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते. ट्रॅक्टरचा पहिला गिअर हाच प्रकार टोकाला नेतो. इंजिन मिनिटाला १९०० फेऱ्या मारत असताना सव्वा मीटर उंचीचं मागचं चाक जेमतेम दहा फेऱ्या मारतं. वेग तासाला दोन-सव्वादोन किलोमीटर, म्हणजे शेताच्या बांधावरून रमतगमत जाणाऱ्या माणसाचा. वेग जितका घटला तितक्या पटीनं पीळ वाढला, जवळजवळ १९० पट. आठ गिअर असतात ते याचसाठी: चिखलाला एक, नांगराला दुसरा, रस्त्यावर ट्रॉली ओढायला आणखी वेगळा.

शिवाय पस्तीस हा आकडा इंजिनाच्या दारातला आहे. पगाराच्या स्लिपवर वर मोठा आकडा असतो आणि हातात पडतो तो वेगळा, तसंच. मागच्या फिरत्या दांड्याशी पोचेपर्यंत त्यातले काही घोडे गिअरबॉक्स खातो, आणि नांगर ओढायच्या हुकाशी पोचेपर्यंत आणखी काही माती खाते. मध्य प्रदेशात बुधनी इथं ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं फिरत्या दांड्यावरची आणि हुकावरची ताकद स्वतंत्रपणे मोजतात. विकणारा नेहमी मोठा आकडाच सांगणार, हे उघड आहे.

ठिणगीशिवाय पेटतं कसं?

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. डिझेल इंजिन म्हणजे हाच चटका, भयंकर वाढवलेला. आत घेतलेली हवा तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शात दाबली की ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. स्पार्क प्लग नाही, ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं असं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चाललं. तत्त्व आजही तेच आहे.

जुन्या बी-२७५ मध्ये फवारा थेट सिलिंडरात पडत नाही. आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पडतो, तिथं पेटतो आणि मग मोठ्या पोकळीत येतो. अशा कप्प्याच्या भिंती थंड इंजिनात उष्णता शोषून घेतात, म्हणून सुरू करण्याआधी हीटर प्लगनं कप्पा तापवावा लागतो. पुढच्या मॉडेलच्या नावात ‘डीआय’ ही अक्षरं दिसतात, त्याचा अर्थ फवारा थेट सिलिंडरात. थेट फवाऱ्याच्या इंजिनाला त्याच कामासाठी साधारण दहा-पंधरा टक्के डिझेल कमी लागतं. दोन ट्रॅक्टर शेजारी उभे असतील तर ही दोन अक्षरं रंगापेक्षा महत्त्वाची.

या इंजिनाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नाही. डिझेलचा पंप इंजिनाच्याच गिअरवर फिरतो, किती डिझेल द्यायचं ते आतले लोखंडी गोळे आणि स्प्रिंगा ठरवतात. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी चालू इंजिन चालूच राहतं. म्हणून ते चावीनं बंदही होत नाही, डिझेल तोडणारी दांडी ओढावी लागते. ज्या गावात जूनमध्ये गेलेली वीज कधी येईल याचा भरवसा नसतो आणि खाऱ्या हवेत वायरीची टोकं हिरवी पडतात, तिथं हा साधेपणा फार मोलाचा आहे.

त्याचा एक हट्ट मात्र आहे. टाकी कोरडी पडली आणि नळीत हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. पंप हवेलाच दाबत बसतो, फवारा उडत नाही. मग नट ढिले करून बुडबुडे संपेपर्यंत हातपंप मारायचा. मेस्त्री याला ‘एअर काढणं’ म्हणतात. ते पहिल्याच दिवशी शिकून घ्यावं.

मग ओढतं कोण?

माझ्या मते हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, आणि विकणारा नेमकं हेच सांगत नाही.

वरचा हिशेब पुढं नेला तर पहिल्या गिअरमध्ये या ट्रॅक्टरची कागदावरची ओढ तीन-चार टनांच्या घरात जाते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दीड ते दोन टनांच्या मध्ये. स्वतःच्या वजनाहून जास्त ओढणं रबरी चाकाला जमतच नाही, त्याच्या कितीतरी आधी चाक जागच्या जागी फिरतं. म्हणजे हलक्या गिअरमध्ये घोडे कधीच कमी पडत नाहीत, पकड कमी पडते.

पावसाळ्याच्या तोंडावर होडी वर ओढताना बघा. दहा तगडे गडी दोरीला लागतात, पण ओल्या पुळणीत टाचा रुतून मागं सरकत असतील तर होडी तसूभर हलत नाही. पाय टेकायला कोरडी, घट्ट जागा मिळाली की तेच दहा जण ती सरसर वर नेतात. गडी तेच, फरक टाचेखाली. ट्रॅक्टरची टाच म्हणजे मागची दोन चाकं.

म्हणून बी-२७५ च्या यादीतली ‘डिफरन्शियल लॉक’ ही नोंद दोन-पाच घोड्यांहून मोठी. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून दोन चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जुळणी असते, ती डिफरन्शियल. तिचा दोष असा की ती ताकद सोप्या वाटेनं जाऊ देते. माडांना शिपणं चालू असताना पाटाला एके ठिकाणी भगदाड पडलं की सगळं पाणी तिकडंच जातं, पुढची आळी कोरडी. तसंच एक चाक चिखलात सुटलं की सगळा फिरका त्यालाच मिळतो, घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ. लॉकचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकाच आसासारखी बांधली जातात. फक्त ते दाबलेलं असताना वळायचं नाही, नाहीतर आतले दात मोडतात.

वजनाचंही तसंच दुधारी आहे. वरकस जमिनीवर नांगरताना वजन हवं, त्यासाठी मागच्या टायरांत चक्क पाणी भरतात. चिखलणीच्या वेळी तेच वजन वैरी होतं. खाडीकाठच्या खाजणाच्या खोल चिखलात पाणी भरलेला ट्रॅक्टर रुतला तर त्याला काढायला दुसरा ट्रॅक्टर लागतो, आणि पुष्कळदा दुसराही रुततो. चिखलणीला पिंजऱ्यासारखी लोखंडी केजव्हील लावतात ती ट्रॅक्टरचा भार पसरावा आणि चिखल कापून खालच्या घट्ट थराशी पकड मिळावी म्हणून.

नांगर मागं लटकतो कशासाठी?

पूर्वी नांगर ट्रॅक्टरला साखळीनं किंवा हुकानं बांधत. नांगर दगडाला अडला की चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर उलटायचा. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडायची युक्ती काढली, १९२६ चं त्याचं पेटंट आहे. वरचा तिसरा दांडा ट्रॅक्टरला पुढं रेटून धरतो आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणजे पकडही वाढते. आपल्याकडं वीतभर मातीखाली कातळ कुठं लागेल सांगता येत नाही. त्यामुळं नांगर कायम या तीन टोकांनाच लावायचा, दोरखंड किंवा साखळी आसाच्या वर कुठंही बांधायची नाही.

पीटीओ चालू आहे, पण कसा?

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीतून बाहेर आलेला खाचांचा फिरता दांडा. त्यावर मळणीयंत्र, पंप, फिरत्या पात्यांनी माती कापणारा रोटाव्हेटर चालतो. त्याच्या फेऱ्या मिनिटाला ५४० ठरलेल्या, म्हणून कुठल्याही कंपनीचं अवजार कुठल्याही ट्रॅक्टरला जुळतं.

जुन्या ट्रॅक्टरबाबत विचारायचा प्रश्न एकच: क्लच सिंगल की डबल? सिंगल क्लच असेल तर पेडल दाबताच चाकं आणि दांडा दोन्ही इंजिनापासून सुटतात. मळणीयंत्राला याचा त्रास नाही, ट्रॅक्टर एका जागी उभाच असतो. रोटाव्हेटरला मात्र मोठा आहे. जाड गवतात थबकून आधी दांड्यानं माती कापू द्यावी आणि मग पुढं सरकावं म्हटलं तर जमत नाही, थांबलं की दोन्ही थांबतं. दुसरी गोष्ट जास्त वाईट. फिरणाऱ्या रोटाव्हेटरचं वजन बरंच असतं, क्लच दाबल्यावरही ते फिरत राहतं आणि त्याच दांड्यातून उलटं गिअरबॉक्सला फिरवतं. तुम्ही क्लच दाबलाय आणि ट्रॅक्टर पुढं जातोच आहे, समोर बांध आणि बांधाखाली दुसऱ्याचा भाताचा कुणगा! यावर उपाय म्हणून दांड्यावर एकाच दिशेनं जोर जाऊ देणारा जोड मिळतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. डबल क्लच नसेल तर रोटाव्हेटरच्या आधी तो घ्या.

दांड्यावरचं झाकण जुन्या ट्रॅक्टरवर हमखास गायब असतं. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. पदर किंवा लुंगी अडकली तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

“चिरे वाहीन, हप्ता सुटेल”

हे भावाचं म्हणणं. करून बघू हिशेब. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोच्या घरात. शंभर चिरे म्हणजे तीन टन, ट्रॉली आणि ट्रॅक्टर धरून सहा टनांच्या आसपास. दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर हे नुसतं वर न्यायला सहाशे किलोची ओढ हवी, वर चाकांचा अडथळा वेगळा. पस्तीस घोडे हे काम तासाला दहाएक किलोमीटरनं करतात. हळू, पण करतात.

खरा प्रश्न उताराचा आहे. तेच सहा टन खाली येताना थांबवायचे असतात, आणि बहुतेक ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात. बी-२७५ चे डिस्क ब्रेक त्याच्या काळात पुढारलेले होते, पण ते ट्रॅक्टर थांबवण्यासाठी होते, मागून ढकलणारी ट्रॉली धरून ठेवण्यासाठी नव्हे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे चालक मी पाहिलेत, त्यांच्या ट्रॉलीपुढं मी स्कूटर घालत नाही. शिवाय शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्यानं चिरे वाहू लागला की तो शेतीचा राहत नाही, त्याची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो.

“जुनं डिझेल, सरकार भंगारात काढणार ना?”

हा धाक दिल्लीच्या बातम्यांनी घातलाय. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दलचे आदेश दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशापुरते आहेत. आपल्याकडं खासगी नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं वाहन तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा ट्रॅक्टरच्या वयाची भीती नको, कागदांची बाळगा. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासी नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. इंजिन दुसऱ्याच ट्रॅक्टरचं बसवलेलं आढळणं ही काही फार दुर्मिळ गोष्ट नाही.

डिझेल किती पितो म्हणाल, तर पूर्ण जोरावर तासाला सात-आठ लिटर, हलक्या कामाला त्याच्या निम्मं. आणि मागून चालत हातानं धरायचा छोटा पॉवर टिलर बरा नाही का, असं विचारलंत तर बऱ्याच ठिकाणी हो. डोंगरउतारावरचे पायऱ्यांचे कुणगे, दोन वाफ्यांमध्ये कमरेएवढा बांध, वळायला जागा नाही, अशा ठिकाणी दीड-दोन टनांचं धूड उतरवणंच धोक्याचं. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकटही नसते. भावाची निम्मी जमीन खाडीकाठी सपाट मळ्यात आहे, निम्मी उतारावर. मळ्याला ट्रॅक्टर, उताराला टिलर, आणि टिलर भाड्यानंही मिळतो.

बघायला जाल तेव्हा

न कळवता, सकाळी जा. मालकानं आधी सुरू करून तापवून ठेवलेलं इंजिन काहीच सांगत नाही. थंड इंजिनाचा पहिला पांढरट धूर क्षम्य आहे, पण तापल्यावरही निळा राहिला तर ऑईल जळतंय. जोर दिल्यावर काळा आला तर हवेची जाळी तुंबलीय किंवा फवारा बिघडलाय. इंजिनाच्या बाजूच्या श्वासनळीतून भकाभका वाफा येत असतील तर मेस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतील. त्याचा अर्थ दाबलेली हवा पिस्टनच्या कडेनं खाली सुटतेय, आणि ज्या चटक्यावर हे इंजिन पेटतं तो चटकाच उरलेला नाही. गिअरबॉक्सच्या ऑईलची काडी काढून बोटावर घ्या. दुधासारखं दिसलं तर चिखलणीचं पाणी आत गेलंय. आमच्या हवेत पत्रा गंजणारच, पत्र्यावरून भाव पाडा, पण निर्णय ऑईलवरून घ्या.

भाऊ दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी सोबत होतो. धूर पांढरा, ऑईल स्वच्छ, नंबर जुळले. ब्रेकही बरे होते. फक्त मांगरासमोर एवढं सपाट खळं असताना ट्रॅक्टर पलीकडं उतारावर तोंड करून उभा केलेला होता, चाकाखाली चिरा लावून. मालकाला विचारलं तर म्हणाला, “तिथं सावली बरी पडते.” सकाळचे साडेसात वाजले होते, ऊन अजून माडांच्या वर आलं नव्हतं. काकीनं भावाकडं पाहिलं आणि किमतीतले बॅटरी आणि स्टार्टरचे पैसे तिथंच कापून सांगितले.